मूल-सिंदेवाही रस्त्यावरची ‘तबकडी’

खेड्यातल्या लोकांना आकाशात काही चमकलं की लगेच भूत नाहीतर उडती तबकडी दिसते, असं म्हणून हसायची शहरात एक सवय आहे. 26 फेब्रुवारी 2025 च्या रात्रीनंतर मला ते हसणं सहन होत नाही. म्हणून हे लिहितेय. मार्कंड्याच्या यात्रेचं सविस्तर वर्णन हवं असेल, तर ते इथे फारसं मिळणार नाही.

मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पहाटेपासून रांग, नदीच्या पात्रात धुळीचे लोट, पत्रावळीवर साबुदाण्याची उसळ आणि उकडलेली रताळी. देवळाच्या भिंतींवरची शिल्पं बघायला निवांत दिवस हवा, शिवरात्रीचा नको. गर्दीत मूर्तीकडे बघत उभं राहिलं की मागून रेटा येतो. दुपारनंतर मी आणि माझी मैत्रीण निघालो. तिचं माहेर सिंदेवाहीच्या पुढे, मुक्काम तिथेच होता. चामोर्शीहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावापर्यंत कसेबसे आलो, आणि मूलला एक काळी-पिवळी जीप मिळाली. यात्रेचा दिवस म्हणून भाडं दुप्पट, माणसंही दुप्पट. मी डाव्या खिडकीशी, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पक्षी बघायची आठ पटीची दुर्बीण.

अंधार पूर्ण पडला होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या, त्यामुळे चंद्राचा प्रश्नच नव्हता. मूल सोडलं की रस्ता उत्तरेकडे जातो आणि डाव्या हाताला ताडोबाच्या बाजूचं जंगल लागतं. त्या जंगलाच्या शेंड्यांवर शुक्र होता. संध्याकाळी मार्कंड्यालाच मी तो पाहिला होता, सूर्य बुडाल्यावर नदीवर सगळ्यात आधी उमटलेला. त्या पंधरवड्यात तो वर्षातल्या सर्वाधिक तेजाच्या जवळपास होता.

माझ्या पुढच्या सीटवर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, शहरात शिकणारा, शिवरात्रीला गावी चाललेला. ओरडला तो. “अरे, हे आपल्या सोबत येऊन राह्यलं!” सगळी जीप डावीकडे वाकली. आणि खरंच, झाडांमागून तो उजेड आमच्या बरोबरीने पळत होता. फांद्यांच्या फटीत लुकलुकायचा, गायब व्हायचा, पुन्हा उगवायचा. ड्रायव्हरने वेग कमी केला की तोही हळू व्हायचा. वळण आलं की मागे पडायचा आणि रस्ता सरळ झाला की पुन्हा खिडकीत हजर. कडेची झाडं झपाट्याने मागे जातात, लांबची टेकडी हळू सरकते, आणि सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवरचा शुक्र जागचा हलत नाही. हलत नाही म्हणूनच तो सोबत चालल्यासारखा वाटतो. हे मला माहीत होतं. पण अंधारात, गच्च भरलेल्या गाडीत, डाव्या बाजूला वाघाचं जंगल असताना ते दिसतं कसं, हे तिथे बसल्यावरच कळतं. त्या मुलाला मी मुळीच दोष देणार नाही.

त्याने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला आणि मागे वळून सगळ्यांना दाखवला. पडद्यावर तारा नव्हताच. एक फुगीर गोळा होता, वरची कड हिरवट, खालची तांबूस, मधूनच आक्रसणारा, मधूनच पसरणारा. मोबाइलच्या कॅमेऱ्याला अंधारात एकुलत्या उजेडावर नेम धरता येत नाही, तो धूसर होऊन त्या ठिपक्याची तबकडी करतो. रंग मात्र सगळेच कॅमेऱ्याचे नव्हते. क्षितिजाजवळचा प्रकाश आपल्यापर्यंत हवेच्या फार जाड थरातून येतो. अगदी क्षितिजावर तर डोक्यावरच्या हवेच्या 38 पटींच्या आसपास. ती हवा प्रिझमसारखी रंग फोडते आणि गरम-गार झुळकांनी ते हलवत राहते.

“तबकडीच होय,” कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. आणि मग मागच्या बाकावरची एक मावशी एकदम बोलली, “हसू नोका. आमच्या इथी पडलं होतं.”

ती लाडबोरीच्या बाजूची होती. गाडीतला आवाज बसला, कारण त्या तालुक्यात लाडबोरी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या आकाशातून जळते गोळे लांब शेपट्या ओढत गेले. ते मध्य प्रदेश आणि गुजरातेतूनही दिसले. आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, घरांच्या लगत, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पवनपार गावाजवळ धातूचा गोळाही सापडला. कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग 3 बी’ रॉकेटचा तो टप्पा असावा, असं खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशोब मांडून सांगितलं. पण ते नंतर. त्या रात्री ज्यांच्या अंगणाशेजारी ते कडं तापलेलं पडलं होतं, त्यांना कोण काय सांगणार होतं?

मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. “तवा बी आम्ही पोट्ट्यायले घेऊन पळालो जी. कुठी पळावं तेही समजेना. वरून येते म्हटल्यावर मानूस जाईन कुठी?” तिला घरी फोन करायचा होता. नातवंडं अंगणात असतील, त्यांना आत घ्या म्हणून सांगायचं होतं. रेंज नव्हती.

मी ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, दोन मिनिटं थांबवा, दुर्बीण आहे, दाखवते. तो म्हणाला, “इथी नाही थांबवत बाई. या पट्ट्यात वाघीन हाय, पिल्लं घेऊन फिरते. फाट्यावर थांबवतो.” त्याचं बरोबरच होतं. पुढच्या फाट्यावर चहाची टपरी होती, एक पिवळा बल्ब, दोन बाकडी. तिथे त्याने गाडी लावली. सव्वाआठ वाजत आले होते. शुक्र अजून झाडांच्या वर होता.

टपरीवाल्याने न सांगता बल्ब बंद केला. तिथल्या पाहुणचाराबद्दल कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन. मी जीपच्या बॉनेटवर शेल्याची घडी ठेवली आणि तिच्यावर दुर्बीण टेकवली, कारण हातात धरली की आकृती नाचते. आणि मावशीला पहिली बोलावलं. तिला एक डोळा मिटून बघायची सवय, दोन्ही उघडे ठेवायला वेळ लागला. फोकसचं चाक तिच्या बोटाखाली देऊन मी म्हटलं, हळूहळू फिरवा, ठिपका बारीक होईल तिथे थांबा. ती फिरवत राहिली. मग थांबली. आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

“चंद्र होय का जी हा?”

कोर दिसली होती तिला. बीजेच्या चंद्रासारखी, पण केवढीशी! शुक्राला चंद्रासारख्या कला असतात. गॅलिलिओने त्या 1610 मध्ये दुर्बिणीतून टिपल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा तो धडधडीत पुरावा ठरला. गंमत अशी की शुक्र पृथ्वीजवळ येतो तेव्हा त्याची उजळलेली बाजू आपल्याकडून वळत जाते, पण आकार इतका मोठा होतो की कोर होऊनही तो झगझगीत दिसतो. त्या रात्री त्याच्या चकतीचा जेमतेम सहावा भाग उजळला होता. वर ढगांचं पांढरं दाट आवरण, सूर्याचा बहुतेक प्रकाश परतवून लावणारं.

मी मावशीला एवढंच म्हटलं, पडणारी वस्तू अशी कोर दाखवत नाही. पाडव्याला जे आलं ते आडवं धावलं, तुटत गेलं, बघता बघता संपलं. हा तासाभरापासून त्याच दिशेला आहे, फक्त खाली उतरतोय, सूर्य मावळतो तसा. आणखी अर्ध्या तासाने झाडांमागे जाईल. ते मावळणं असेल, पडणं नाही.

मग रांगच लागली. ड्रायव्हर, दोन आजीबाई, टपरीवाल्याची मुलगी, जिने सगळ्यांत आधी विचारलं की टोकं कोणत्या बाजूला आहेत आणि का. मला त्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की तिला दोनदा बघू दिलं. सूर्य खाली, क्षितिजाआड आहे, म्हणून उजेडाची बाजू खाली आणि टोकं वर. मार्कंड्याला दिवसभर उभं राहून मिळालं नाही ते समाधान मला त्या टपरीवर मिळालं, हे मी मनापासून लिहितेय.

बाकड्यावर एक गोंड आजोबा कपबशीत चहा ओतून पीत होते. ते रांगेत आले नाहीत. म्हणाले, “तो जेवनाच्या वेळचा तारा होय. तो दिसला का जेवाले बसाचं.” त्यांना दुर्बिणीची गरज नव्हती. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी मध्य भारतातल्या गोंड गावांत फिरून त्यांचं आकाशज्ञान नोंदवलं आणि 2013 मध्ये छापलं. त्यात सप्तर्षीची खाट आणि ती चोरायला आलेले तीन चोर आहेत, तशीच संध्याकाळ-पहाटेच्या शुक्राची ओळखही आहे. ज्या माणसाला रोज अंधारात शेतावरून परतायचं असतं, त्याला आकाश ठाऊक असतंच. आपण वीज आणली आणि ती ओळख पुसली. मावशी त्या आजोबांहून तीस वर्षांनी लहान असेल. तिला तारा अनोळखी झाला, आणि रॉकेटचा तुकडा मात्र ओळखीचा.

मला राग आला तो पुढे. मुक्कामी पोचलो तर मैत्रिणीकडे सफारीसाठी आलेले पाहुणे होते, मोठ्या शहरातले. त्या मुलाचा व्हिडिओ रेंज येताच सुटला होता आणि आमच्या आधी या घरात पोचला होता. सोबत एक ओळ चिकटलेली: जंगलात काहीतरी उतरलं. पाहुणे पोट धरून हसत होते. “शुक्राला तबकडी म्हणतात, काय लोक आहेत!” मी विचारलं, तुम्ही आज शुक्र पाहिलात का? कुठे होता? कोणालाच सांगता आलं नाही. त्यांना ‘शुक्र’ हे उत्तर व्हिडिओखाली कोणीतरी लिहून दिलं होतं.

मग मी त्यांना लडाखची गोष्ट सांगितली. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांनी आकाशातल्या दिव्यांच्या 329 नोंदी केल्या. चीनची हेरगिरीची ड्रोन असावीत असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं, आणि ते दिवे गुरू आणि शुक्र निघाले. सीमेवर डोळ्यांत तेल घालून उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाला जे वाटू शकतं, ते यात्रेहून परतणाऱ्या बाईला वाटलं तर हसायचं काय? ज्याला आकाशातून धोका येऊ शकतो हे माहीत आहे, तोच वर बघतो. लडाखला तो धोका होता, लाडबोरीत तर तो प्रत्यक्ष येऊन पडला. जेवण होईपर्यंत कोणी बोललं नाही. मैत्रिणीला ते अवघड गेलं असणार, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

मैत्रिणीचे वडील मात्र पंचांग घेऊन बसले. मार्चमध्ये शुक्राचा अस्त आहे, म्हणून पुतणीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली होती. ते म्हणाले, एवढी वर्षं अस्त अस्त म्हणतो, पण होतं काय ते कोणी दाखवलं नाही. मी कागदावर सूर्य, पृथ्वी आणि मधून जाणारा शुक्र काढला. 23 मार्चला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून पलीकडे जाणार, आधी काही दिवस उजेडात हरवणार, आणि मग पहाटे पूर्वेला निघणार.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या गावी गेलो. तिने बोलावलंच होतं. अंगणात दहा-बारा जणी जमल्या आणि मी तोच कागद पुन्हा काढला. मावशीने फक्त पहाटेचं विचारलं: कधी आणि कुठून? मी म्हटलं, एप्रिलच्या मध्यापासून, सूर्य उगवायच्या दीड-दोन तास आधी, पूर्वेला, जंगलाच्या वर, आताइतकाच झगझगीत.

तिने बाकीच्या बायांकडे बघितलं. एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम. तेव्हा अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात शिरावं लागतं, वाघाची भीती असतेच, आणि दचकून एकीने पळ काढला तर सगळ्या विखुरतात. विखुरलेली बाई वाघाला सोपी जाते.

“मंग मोहाच्या टायमाले हाच राहीन समोर,” मावशी म्हणाली. “बरं झालं सांगतलं. दवंडी देतो आता, का तो उजेड दिसला तर पळाचं नाही, एका जागी राहाचं.”