आज तापाचा कितवा दिवस?

विषाणूच्या आजारात कोणतं औषध द्यायचं याआधी हा प्रश्न विचारायला हवा. दुसऱ्या दिवशी जे औषध घात करू शकतं, तेच दहाव्या दिवशी जीव वाचवतं.

विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढू लागला की बरेचदा दुपदरी आरएनए (जनुकीय संदेश वाहणारा रेणू) तयार होतो. निरोगी पेशीत असे लांब दुपदरी धागे सहसा मोकळे सापडत नाहीत. त्यामुळे एमडीए-५ आणि रिग-आयसारखी पहारेकरी प्रथिनं परका माल ओळखतात आणि काही तासांत पेशी इंटरफेरॉन सोडू लागते. आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये लंडनला शोधलेलं हे प्रथिन विषाणूला स्वतः मारत नाही, शेजारच्या पेशींना सावध करतं. मग तिथली शेकडो जनुकं जागी होतात. विषाणू आत आलाच तर पीकेआर नावाचं प्रथिन पेशीतली प्रथिननिर्मिती रोखतं, आरएनेज-एल हे दुसरं प्रथिन आरएनएचे तुकडे पाडतं.

इंटरफेरॉन वेळ मिळवून देतं, आणि तो वेळ फार मोलाचा असतो. नेमका हाच विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लाखात एखादी, कधी त्याहूनही कमी. त्या वाढून कामाला लागेपर्यंत आठवडा जातो. चांगल्या अँटीबॉडी मुबलक व्हायला आणखी काही दिवस.

हा पहिला आठवडाच निसटला तर? २०२० मध्ये गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. अशा वेळी विषाणू बेसुमार वाढतो, मागाहून दाहक पेशींची झुंड फुप्फुसात उतरते आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. तोवर विषाणू बहुधा ओसरू लागलेला असतो. नुकसान दाह करत असतो.

म्हणून डेक्सामेथासोन, दाह शमवणारं स्टेरॉइड. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. त्यांच्यात मृत्यू १४ ऐवजी १७.८ टक्के होते. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण ऑक्सिजन नीट असताना पहिल्या दिवसांत कोविडसाठी स्टेरॉइड सुरू करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. इंटरफेरॉन आणि टी पेशींना तेव्हाच मोकळीक हवी असते.

विषाणूरोधक औषधांचं गणित उलटं. ती नकला काढणं थांबवतात, म्हणून नकला जोरात निघत असतानाच उपयोगी. फ्लूत ओसेल्टामिविर ४८ तासांच्या आत, नागिणीत असायक्लोव्हिर पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत. फ्लूने रुग्णालयात दाखल झालेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना मात्र उशिरा का होईना, ओसेल्टामिविर देतातच. त्यांच्या शरीरात विषाणू जास्त दिवस वाढत राहतो.