बॅरिअ‍ॅट्रिकच्या आधी सायकॉलॉजिस्टकडे जाताना पिशवीत काय न्यायचं

बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची यादी हातात पडते. सोनोग्राफी, गॅस्ट्रोस्कोपी, स्लीप स्टडी, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, आणि मधेच कुठेतरी ‘सायकॉलॉजिस्टचं मत’. बाकीच्यांबद्दल कुणी काही विचारत नाही. या एका ओळीपाशी मात्र घरात कुजबुज सुरू होते: ‘डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला?’ मग काहीजण उत्तरं पाठ करून जातात, तर काहीजण नुसती सही आणायला जावं तसे जातात. दोघांचंही नुकसान होतं, आणि ते कळतं ऑपरेशन झाल्यावर.

तिथे तुम्ही शहाणे की वेडे हे बघत नाहीत. तीन गोष्टी बघतात. काय होणार आहे हे तुम्हाला खरोखर कळलंय का? आधी उपचार करावा असं मनाचं काही दुखणं आहे का? आणि पुढचं जेवणखाण, गोळ्या, तपासण्या तुम्हाला जमणार आहेत का? स्लीव्ह या प्रकारात जठराचा पाऊण भाग कापून बाहेर काढतात, तो परत येत नाही. जठराच्या बायपासमध्ये वरचा साधारण ३० मिलीलिटरचा कप्पाच कामाचा राहतो, म्हणजे दोन मोठे चमचे. पुढे रोज ६० ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं, घोटघोट करून दीड-दोन लिटर पाणी, जेवताना पाणी नाही, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. ‘नंतर काय खायचं?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर सांगतील ते’ असं उत्तर दिलंत तर पहिला मुद्दा तिथेच अडतो. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आधी वाचून जा आणि न कळलेल्या ओळींखाली रेघ मारून न्या.

भेट साधारण तास-दीड तासाची असते. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी नव्हे, किमान सहा आठवडे आधी वेळ घ्या. काही दुरुस्त करायचं निघालं तर तेवढा अवधी लागतोच. भेटणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असेल किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर असायला हवा.

आधी प्रश्नावल्या भरायला देतात. नैराश्यासाठीच्या नेहमीच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७, आणि १० किंवा जास्त झाली की डॉक्टर खोलात शिरतात. घोळ होतो तो सगळीकडे शून्य भरणाऱ्यांचा. नऊपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भुकेचे आहेत. फाइलमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा रिपोर्ट आहे, गुडघ्यांनी जिना चढवत नाही, आणि थकव्यापुढे शून्य? समोरच्याला लगेच कळतं, आणि मग बाकीच्या आठ उत्तरांवरही विश्वास बसत नाही. उलट थकवा घोरण्यामुळे आहे की मन खचल्यामुळे, हे त्यांनाच ठरवू द्या. जीव नकोसा वाटतो का, हा शेवटचा प्रश्न उगाच घातलेला नाही. ऑपरेशननंतर काही रुग्णांत स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलंय. असे विचार आत्ता येत असतील तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

फॉर्म मराठीत मागा. आणि मुलीला किंवा सुनेला भरायला देऊ नका. तिच्यासमोर ‘रात्री उठून खाता का?’ याचं उत्तर बदलतं.

आता खरी तयारी: सात दिवसांची खाण्याची वही. त्यात एक रविवार आणि एक उपवासाचा दिवस हवाच. वेळ, काय, किती, कुठे, आणि खाण्याच्या जरा आधी काय झालं, एवढे पाच रकाने. एका संध्याकाळचं पान साधारण असं दिसतं:

‘६:४०, चहा, २ चमचे साखर, ५ बिस्किटं बुडवून, ऑफिसातून आल्यावर. ७:१५, फरसाण, डब्यातूनच, उभ्याने, २ मुठी, मुलाच्या मार्कांवरून वाद झाला. ९:३०, २ पोळ्या, भेंडी, वाटीभर भात, टीव्हीसमोर. ११:५०, उरलेला भात आणि दही, झोप येत नव्हती.’

बहुतेकांना वाटतं की पोळ्या मोजल्या जाणार. सायकॉलॉजिस्टची नजर जाते ती ७:१५ आणि ११:५० वर. बिस्किट चहात विरघळून लगदा होतं, फरसाणाचा चावून भुगा होतो. असलं खाणं लहान झालेल्या जठरात अडत नाही, सरळ खाली घसरतं. पोट भरल्याचं कळत नाही आणि कॅलरी मात्र पुऱ्या लागतात. दोन-तीन वर्षांनी वजन परत चढू लागतं तेव्हा बऱ्याचदा कारण हेच निघतं: येता-जाता तोंडात टाकणं. ऑपरेशन ताटाला आवर घालतं, डब्याला नाही. ही सवय आधी कागदावर आली तर तिच्यावर काम करता येतं. ‘मी तर काही खातच नाही, हवेनेच वजन वाढतं’ या वाक्याने एक भेट वाया जाते.

अनावर खाण्याच्या विकाराची व्याख्या त्यामानाने काटेकोर आहे. दोनेक तासांत इतर लोक खातील त्यापेक्षा बरंच जास्त खाणं, थांबताच न येणं, आणि आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालणं. लग्नाच्या पंगतीत हात सैल सुटला, तो यात मोडत नाही. भराभर खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं आणि मग स्वतःची किळस येणं, या खुणा असतील तर सांगा. याने ऑपरेशन सहसा रद्द होत नाही, आधी काही आठवडे समुपदेशन होतं. खाल्ल्यावर मुद्दाम उलट्या काढत असाल तर ते लपवणं मात्र धोक्याचं आहे. ऑपरेशननंतर उलट्या चालू राहिल्या तर थायमिन (बी१ व्हिटॅमिन) संपतं आणि काही आठवड्यांत नसांना, मेंदूलाही इजा होऊ शकते.

उपवासांचीही यादी द्या. हरतालिका, निर्जळी एकादशी, कडक गुरुवार, रोजे, जे असेल ते. सुरुवातीच्या महिन्यांत पाण्याविना दिवस काढणं चालणार नाही, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. हे घरच्यांशी आधी बोलावं लागतं. नंतर बोलायला गेलं की भांडण होतं.

तंबाखूचा प्रश्न आला की बायका ‘नाही’ म्हणतात आणि मिश्रीचा डबा न्हाणीघरात असतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांना लावली तरी निकोटिन रक्तात जातं, आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या कोटिनिनची तपासणी केली की सापडतं. निकोटिनमुळे जखम उशिरा भरते, तंबाखूमुळे बायपासच्या जोडाशी अल्सर होऊ शकतो. साधारण सहा आठवडे आधी बंद करायला सांगतात, कायमचंच. गुटखा, तंबाखू-चुना, ‘फक्त टेन्शन असलं की’ ओढलेली सिगारेट, सगळं यात आलं. निकोटिनचं च्युइंगम चघळत असाल तर तेही सांगा, तपासणीत दिसतं.

दारूबद्दल ‘कधीतरी, सोशली’ हे उत्तर नव्हे. आठवड्यातले किती दिवस, किती पेग, पेग ३० चा की ६० चा? बायपासनंतर दारू झपाट्याने चढते. २०१२ साली छापून आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. म्हणून हा प्रश्न आजच्या पिण्यापुरता नसतो.

गोळ्यांची नावं लिहून नेऊ नका, पाकिटंच पिशवीत टाका. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळणारी आहे. आतड्याची वाट आखूड झाली की तिचा पूर्ण गुण येईलच असं नाही, आणि ती कुटून तर अजिबात घ्यायची नसते. लिथियम (मूडचे चढउतार आवरण्याची गोळी) चालू असेल तर पहिल्याच मिनिटाला सांगा. शरीरातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकतं. आणि कृपा करून ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून नैराश्याच्या गोळ्या भेटीआधी बंद करू नका. नीट चालू असलेला उपचार ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. जुन्या चिठ्ठ्या असतील तर त्याही न्या.

वजनाचा इतिहास एका पानावर मावतो: लग्नाच्या वेळी किती, प्रत्येक बाळंतपणानंतर किती, कोणता उपाय किती महिने केला, किती उतरलं, का सुटला. जिम, दोन वेळाच जेवायचा प्रयोग, पावडरी, सगळं लिहा. हेच पान विम्यालाही लागतं. विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा हृदयविकार. शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दिसायला हवं.

घरातलं कुणी सोबत न्यायचं असेल तर जो स्वयंपाक करतो त्याला न्या, जो गाडी चालवतो त्याला नव्हे. मात्र आधी एकट्याने बोला. तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सहसा सांगता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. घरच्यांनाही प्रश्न असतात: तीन महिने वेगळं जेवण कोण करणार, ‘एवढंसंच जेवतेस?’ म्हणत आग्रह कोण करणार.

निकाल पास-नापास असा नसतो. बहुतेकांना मंजुरी मिळते, काहींना अटी घालून, आणि काहींना ‘आधी हे करून या’ असं सांगून पुढची तारीख. सरळ थांबवतात ते भ्रम-भास चालू असताना, व्यसन चालू असताना, आत्महत्येचा धोका असताना किंवा ऑपरेशन समजून संमती देणं शक्य नसताना. तारीख पुढे गेली तर नेमकं काय करायचं, किती आठवडे, आणि परत कुणाला दाखवायचं, हे तिथेच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सर्जनपर्यंत पोचत नाही.

उठण्याआधी ऑपरेशननंतरच्या तारखाही मागून घ्या, तिसऱ्या महिन्याची आणि अठराव्या महिन्याचीसुद्धा. अठराव्या महिन्याला कपडे नवे असतात, विचारपूस करणारे पांगलेले असतात, आणि फरसाणाचा डबा पूर्वीच्याच फळीवर असतो.