कुठल्या पुलावरचं पाणी मोजायचं?

पूर, दुष्काळ, वादळ यायच्या आधी त्यासाठी लागणाऱ्या पैशाची सोय लावून ठेवणं हे माझं काम. बहुतेक फायली परदेशी सरकारांच्या, त्याही मी कोल्हापुरात घरी बसून हातावेगळ्या करते. त्यामुळं शिरोळ तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका दूध संस्थेच्या चेअरमनांनी "आमच्यासाठी असलं काही जमतंय का बघा की" म्हटल्यावर मी दुसऱ्याच आठवड्यात एसटी पकडली.

आपल्याकडं पैसा आधी ठेवलेलाच नसतो असं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो, त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. पण तो दारात यायला आधी पाणी ओसरावं लागतं, मग तलाठी, मग पंचनामा, मग यादी. दुसऱ्या पद्धतीत नुकसान मोजतच नाहीत, पाणी मोजतात. ठरल्या जागी ठरलेली पातळी गाठली की पैसे सुटले. २०१० च्या भूकंपानंतर हैतीला कॅरिबियन देशांच्या सामायिक विमा निधीतून सुमारे पाऊण कोटी डॉलर दोन आठवड्यांत मिळाले ते असेच. मदतीच्या मानानं रक्कम किरकोळ, पण हातात पडली.

संस्थेच्या हॉलमध्ये मी फळ्यावर सगळ्यांच्या तोंडपाठ असलेला आकडा लिहिला: राजाराम बंधारा, धोका पातळी ४३ फूट. यावर चालेल का, असं विचारलं.

"मॅडम, ती पंचगंगा," मागच्या बाकावरचे एक आण्णा म्हणाले. "आमच्यात कृष्णेचं पाणी येतंय. कोयनेतनं सोडलं की सांगलीत आयर्विन पूल चढतोय, मग नरसोबाच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला फुग. तिकडं राजारामला उतार पडला तरी इकडं आमच्या गोठ्यात चढतच असतंय."

आफ्रिकेतल्या मलावीत नेमकं हेच घडलं होतं, मोजायची गोष्टच चुकली होती. २०१६ च्या दुष्काळात त्यांचा विमा सुरुवातीला लागूच झाला नाही, कारण हिशोबात मक्याचं उशिरा येणारं वाण धरलेलं आणि शेतकऱ्यांनी लवकर येणारं पेरलेलं. ते दुरुस्त होऊन ८१ लाख डॉलर मिळेपर्यंत २०१७ उजाडलं. शेतातल्या माणसाला कुणी आधी विचारलं असतं तर! मी फळा पुसून आयर्विन पूल लिहिलं: इशारा ४० फूट, धोका ४५.

मग एक वहिनी उठल्या. "धोक्याला पैसं घेऊन काय करू? तवर रस्ता बंद. म्हशी हलवायला टेम्पो आदल्या दिवशी लागतोय, आणि त्या दिवशी टेम्पोवाला तिप्पट भाडं मागतोय." २०१९ ला रात्री घाईत उतरवताना त्यांच्या रेडकाचा पाय फळीत अडकून मोडला होता. पाहुण्यांच्या दारात वैरण विकत, म्हशी बिथरलेल्या, दूध निम्म्यावर, म्हणजे दहा दिवसांचं बिलही निम्मं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. कुठल्याही पंचनाम्यात यातला एक रुपया धरला जात नाही.

बांगलादेशात २०२० च्या जुलैत जमुनेचा (म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचा) पूर शिखरावर पोचायच्या आधीच, नुसत्या अंदाजावर, संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर सुटले होते. रोख पैसे आणि जनावरांचं खाद्यही त्यात होतं. ते सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग? तेच म्हणतोय न्हवं."

विम्यावर मात्र गाडी अडली. "पूर न्हाई आला तर हप्ता परत?" परत नाही. मी जमैकाचं उदाहरण दिलं ("वेस्ट इंडीजच न्हवं ते? क्रिकेटवालं?"). त्यांच्या १५ कोटी डॉलरच्या आपत्ती रोख्याला (गुंतवणूकदारांकडून घेतलेला एक प्रकारचा विमाच तो) वादळाच्या केंद्रातल्या हवेच्या दाबाची अट होती. २०२४ ला बेरिल वादळानं नासधूस केली, पण दाब तेवढा उतरला नाही, म्हणून छदाम मिळाला नाही. २०२५ च्या मेलिसाला सगळी रक्कम मिळाली. माझ्या मते दोन्ही वेळा रोख्यानं ठरल्याप्रमाणंच काम केलं. नेहमीच्या पुराला स्वतःचा निधी आणि क्वचितच्या महापुराला विमा, अशी वाटणी लागते. पण बेरिल ऐकल्यावर हॉलमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती थांबेना, आणि मला त्यांचं चुकलं असंही वाटलं नाही.

शेवटी लिटरमागं दहा पैसे कपात करून पूर निधी काढायचं ठरलं. आयर्विनला ४० फूट झाले की त्याच दिवशी प्रत्येक जनावरामागं पैसे, पंचनामा नाही. आकडा पाटबंधारे खात्याचा, सकाळचा. निधीचं खातं तिघांच्या सहीचं. त्यातली एक सही वहिनींची असावी असा ठराव आण्णांनी मांडला. विम्याचा विषय पुढच्या सभेवर गेला.