भिंतीचं तोंड कुठे आहे ते सांगा, मग गुलाब ठरवू

परवा इथे इंग्लंडात शेजारच्या आजींना विचारलं, मागच्या भिंतीवर कुठला वेली गुलाब चढवू? तर रंग नाही, वास नाही, थेट म्हणाल्या, "भिंतीचं तोंड कुठे आहे?" मी म्हटलं उत्तरेला. मग उभ्या उभ्या क्लासच घेतला माझा, आणि तेव्हापासून मी त्याच नादात आहे.

इंग्लंडात उत्तरेकडच्या भिंतीला थेट ऊन फारसं मिळतच नाही. तिथे चालणारी नावं मोजकी. 'मादाम आल्फ्रेद कारिएर', १८७९ चा, पांढऱ्यात जरा गुलाबी झाक, वास मस्त. दुसरा 'झेफिरिन द्रुएँ', १८६८ चा, गडद गुलाबी आणि काटे जवळपास नाहीतच, म्हणून दाराशी किंवा पोरं पळतात त्या कमानीवर हाच. पण भिंतीला खेटून हवा कोंडली की पानांवर काळे डाग येतात, त्यामुळे मला तो मोकळ्या कमानीवरच पटतो.

कमानीला आटोपशीर जात लागते. 'किफ्ट्सगेट' नावाचा रॅम्बलर (लांबच लांब पसरणारा वेली गुलाब) दहा मीटरच्या पुढे सहज जातो, तो कमानीवर घालायचा म्हणजे कमानच गेली. शिवाय बहुतेक रॅम्बलर वर्षातून एकदाच फुलतात, भरभरून फुलतात हे खरं, पण मला परत परत फुलणारा क्लाइंबरच, म्हणजे आटोपशीर वेली गुलाबच हवा. कमानीखालून जाताना आपण खालून वर बघतो, म्हणून मान खाली झुकवणारी फुलं घ्यायची, 'द जेनरस गार्डनर'सारखी. ताठ मानेचं फूल तिथे आभाळालाच दिसणार!

पण मला खरं वेड लावलंय ते फांद्या आडव्या बांधण्याने. आपल्याकडे वेली गुलाब सरळ वर जाऊ देतात, मग खाली नुसत्या काठ्या आणि शेंड्याला चार फुलं. कारण उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटवे येतात त्या जागांना, दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी वाकवली की शेंड्याचा जोर कमी होतो आणि डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि प्रत्येकावर फुलं. आजींच्या भिंतीवर वीतभर-दीड वीत अंतराने आडव्या तारा आहेत, त्यावर कोवळ्या फांद्या पंख्यासारख्या पसरलेल्या, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधलेली, म्हणजे फांदी जाड झाली तरी काचत नाही. जुनी फांदी वाकवायला गेलं की कडकन मोडते, म्हणून हे कोवळेपणीच करायचं. कमानीवर सरळ न चढवता खांबाभोवती गोल गुंडाळत न्यायचं, कारण तेच.

आता लगेच म्हणू नका की बघा, आपल्या लोकांना कळत नाही. इकडे थंडीत झाड पानं टाकून झोपतं, सगळा सांगाडा समोर, निवांत वाकवा. आपल्याकडे झाड असं पूर्ण झोपतच नाही, भर पानात, काट्यात हात घालायचा. आणि पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते तेव्हा तिथे कुठलीही जात टिकवून दाखवणं हेच मोठं काम आहे.

आणि एक गोष्ट मी आजींना मुद्दाम सांगितली. 'टी' नावाच्या जातीचे जुने गुलाब ज्या 'रोझा जायगँटिया'पासून आले, तो रानगुलाब आपल्या मणिपूरच्या डोंगरांत उगवतो, शिवाय म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांतातही. कोडाईकनालचे गुलाबांच्या नव्या जाती घडवणारे विराराघवन यांनी त्याच्यापासूनच उष्ण हवेसाठी नवे गुलाब तयार केलेत. इकडे 'मारेशाल नील' (१८६४, पिवळा) बऱ्याचदा काचघरात जपावा लागतो, त्याला ऊब हवी असते, ती आपल्याकडे फुकट आहे. मग तुम्ही तिकडे इंग्लिश गुलाबांच्या यादीमागे कशाला लागता, हे मला खरंच कळत नाही.

माझं ठरलंय, 'मादाम आल्फ्रेद कारिएर'च. खड्डा भिंतीपासून ४५ सेंटिमीटर लांब घेणार, भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही आणि माती कोरडी राहते, रोप जरा भिंतीकडे कललेलं. नोव्हेंबरात उघड्या मुळांची (कुंडी-मातीशिवाय विकली जाणारी) रोपं मिळायला लागतील, तोवर तारा ठोकून होतील.