क्रॉसबार: बोट अडकलं, मार्कर मोकळा

मंडळी, नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत क्रॉसबार, म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधला फोन एकमेकांना जोडणारा यांत्रिक स्विच, बोलू लागला! चार फोन जोडलेत, दोन जोड्या एकाच वेळी बोलतात. घंटीऐवजी सध्या बझर. स्विच अंबडच्या भंगारातला: १० लेव्हल (आडव्या ओळी), २० व्हर्टिकल (उभ्या ओळी), २०० क्रॉसपॉइंट म्हणजे त्यांच्या छेदावरच्या जोडणीच्या जागा. आडव्या पट्ट्या मात्र पाचच, कारण प्रत्येक पट्टी वरही कलते आणि खालीही.

झाकण काढून सावकाश चालवला की खरी गंमत दिसते. सिलेक्ट मॅग्नेट (पट्टी कलवणारा विद्युतचुंबक) लागला की पट्टी कलते आणि तिच्यावरची सगळी बोटं, म्हणजे बारीक लवचिक तारा, आपापल्या फटीत शिरतात. मग ज्या व्हर्टिकलचा होल्ड मॅग्नेट (जोडणी धरून ठेवणारा) लागेल, तिथलं एकच बोट चिमटीत सापडतं आणि कॉन्टॅक्ट जुळतात. आता सिलेक्टचा करंट काढून घ्या. पट्टी सरळ होते, बाकीची बोटं परततात, हे एक मात्र वाकून तिथंच अडकून राहतं. पट्टी पुढच्या कॉलला मोकळी, जोडणी ठरवणारा मार्करही मोकळा. स्ट्रोजर या त्याआधीच्या स्वयंचलित एक्स्चेंजमध्ये ही सोय नाही. तिथं नंबर शोधणारा स्विच कॉल संपेपर्यंत अडकून पडतो.

स्वीडनच्या बेटुलांडर आणि पाल्मग्रेन या इंजिनिअरांनी हे प्रत्यक्षात आणलं. १९२६ मध्ये तिथल्याच सुंड्सवाल शहरात मोठं एक्स्चेंज सुरू झालं. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयटीआयनं (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) साठच्या दशकात पेंटाकॉन्टा नावाचे क्रॉसबार बनवायला घेतले.

माझा मार्कर म्हणजे आर्डुइनो, एक छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये. चार्जिंगला लावल्या की ५४ व्होल्टच्या आसपास जातात, म्हणून कॉइल चालवायला ५० व्होल्टची यूएलएन२००३ चिप बाद, आयआरएल५४० मॉसफेट (ट्रान्झिस्टर) लावले. कॉइलवर नुसता डायोड असेल तर होल्ड मॅग्नेट सुटताना रेंगाळतो. डायोडच्या सिरीजमध्ये ३३ व्होल्टचा झेनर टाका, पटकन सुटतो. आणि पट्टी परतली की बोटं क्षणभर थरथरतात. ती स्थिरावल्याशिवाय पुढचा होल्ड ओढू नका, भलतंच बोट अडकतं.

पावसाळ्यात कॉन्टॅक्ट खरखरायला लागले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका बघायला आले. म्हणाले, "अरे, पॉलिश पेपर लावशील तर कॉन्टॅक्टवरची टिकलीच उडवशील. जाड कोरा कागद फिरव." फिरवला. खरखर गेली.

शेजारी ब्रेडबोर्डवर एमटी८८१६ आहे, क्रॉसबारचंच काम करणारी चिप: ८ बाय १६, १२८ स्विच. स्विचचा पत्ता द्या, स्ट्रोब (पक्का करण्याचा सिग्नल) द्या, आतला लॅच जोडणी धरून ठेवतो. होल्ड मॅग्नेटचंच काम, आवाज नाही एवढंच. एक खोच: १६ एक्स लाइन्सपैकी एक्स६चा पत्ता ६ नसून ८ आहे, ६ आणि ७ हे एक्स१२ आणि एक्स१३ला दिलेत. या चिपला १३ व्होल्टच्या वर काही सोसत नाही, त्यामुळे घंटीचा जास्त व्होल्टचा करंट तिच्यातून नेता येणार नाही. धातूच्या कॉन्टॅक्टला त्याचं काही नाही.

म्हणून घंटी क्रॉसबारवरूनच द्यायची आहे. कुणाकडे २५ हर्ट्झचा जुना रिंग जनरेटर (घंटीचा करंट देणारं यंत्र) पडून असेल तर कळवा. नाशिक रोड असो की गंगापूर रोड, येऊन घेऊन जातो.