७.५८ चा मेसेज

साताऱ्यात पोलिसांच्या तांत्रिक शाखेत मी हवालदार आहे. लोकांना वाटतं, आम्ही बटण दाबलं की नकाशावर माणूस दिसतो. तसं काही नसतं. एसपी साहेबांची मंजुरी घेऊन मोबाईल कंपनीला मेल जातो आणि सीडीआरची, म्हणजे कॉल-मेसेजच्या नोंदींची, एक्सेल शीट येते. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद, टॉवरच्या कोणत्या बाजूला, कोणत्या हँडसेटवरून, एवढंच.

पोरगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला. सोमवारी संध्याकाळी क्लासहून घरी आलाच नाही. आईवडील रात्री ११ ला ठाण्यात गेले. तो १८ च्या आतला असता तर तिथल्या तिथं अपहरणाचा गुन्हा दाखल झाला असता. सज्ञान, म्हणून नुसती मिसिंगची नोंद. वर, "मित्राकडं असेल, सकाळपर्यंत वाट बघा." हे वाक्य माझ्या खात्यात मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. सज्ञान माणसाला कोणी उचलून नेत नाही का?

मंगळवारी दुपारी पोराच्याच नंबरवरून वडिलांना मेसेज आला, पैसे मागणारा. मग सगळे हलले. न्याय संहितेचं १४०(२), खंडणीसाठी अपहरणाचं कलम, लागलं आणि शीट माझ्यापुढं आली.

नंबर पोराचा, पण दुपारच्या मेसेजला हँडसेटचा ओळख क्रमांक, आयएमईआय, वेगळा. म्हणजे सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलेलं. आमच्या शाखेतली नवीन पोरं नेमकी इथं चुकतात. आयएमईआयचे आकडे १५, पण शेवटचा पडताळणीचा असतो आणि शीटमध्ये बहुतेकदा त्याच्या जागी शून्य येतं. १५ आकडे जसेच्या तसे शोधायला दिले तर खरी नोंद हातातून निसटू शकते. मी पहिले १४ धरले आणि सगळ्या कंपन्यांना विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं. त्याच हँडसेटमध्ये महिन्यापूर्वी दुसरं सिम चालत होतं, आणि ते सिम होतं पोराच्या ओळखीतल्याच एकाच्या नावावर. ती ओळ सापडली तेव्हा माझे हात थरथरत होते. पोरगा जिवंत मिळेल असंच धरून चाललो होतो मी.

रात्री त्या सिमवाल्याला उचलला. पहाटे पंचांसमक्ष त्यानं यवतेश्वर घाटातली जागा दाखवली. ट्रेकर पोरं दोर लावून दरीत उतरली. स्ट्रेचर वर येईस्तोवर कठड्याला मोबाईल उंचावलेल्यांची गर्दी झाली होती. आम्ही घरी कळवायच्या आधी फोटो वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला. पाठवणारे आपल्याच गावचे. त्यांना मी माफ करू शकत नाही.

सोमवारी नऊच्या आतच त्याला मारलं, असं तपासात निघालं. म्हणजे ११ ला ठाण्यात काहीही केलं असतं तरी तो वाचला नसता. असं मला सगळे समजावतात. साहेबांनी पाठही थोपटली.

जबाबाला आई आल्या तेव्हा माझ्या टेबलाशी थांबल्या. हातातला बटणांचा फोन पुढं केला. लावलेल्या कॉलच्या यादीत एकच नाव, वरपासून खालपर्यंत. पहिला कॉल साडेसातचा.

"साहेब, मी सारखी लावत हुते वो. वाजला आसंल का त्याचा फोन?"

न उचललेला कॉल आमच्या शीटमध्ये येत नाही. त्यांच्या त्या रात्रीची एकही ओळ माझ्याकडं नव्हती. पण ७.५८ ला रिचार्ज संपत आल्याचा कंपनीचा मेसेज पोचल्याची ओळ होती. पोराच्या स्वतःच्या हँडसेटवर, घाटाकडं तोंड असलेल्या टॉवरवरून. तोवर फोन चालू होता.

मी म्हणालो, "नाही ताई, बंद होता."

शीट आता दोषारोपपत्राला जोडली आहे. साक्षीला उभं राहून मला ती ओळ वाचावी लागेल, आणि त्या दिवशी त्या समोर बसलेल्या असतील.