शनिवारचा जॉब

फडक्यात गुंडाळलेला जॉब मास्तरांनी माझ्या सीएमएमच्या, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनच्या, ग्रॅनाइटवर ठेवला आणि म्हणाले, "वेळ असेल तर बघ. ही आतली मागची फेस पुढच्या भोकाच्या अक्षाला किती काटकोनात आहे, तेवढंच सांग."

२०२३ च्या फेब्रुवारीतला शनिवार होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत ओव्हरटाइमला आलेले आम्ही पाच जण. आमचं शॉप न्यू हॅम्पशायरमध्ये, कनेक्टिकट नदीपासून जवळच आहे. विमानांचे आणि शस्त्रक्रियेच्या अवजारांचे छोटे पार्ट आम्ही करतो. मी क्वालिटीत आहे. पहिला पीस तपासायचा, मापं घ्यायची, सही करायची किंवा परत पाठवायचा, हे माझं काम. चिंचवडमध्ये दहा वर्षं हेच केलं, इथेही हेच करतो.

मास्तर म्हणजे आमच्या टूलरूमचे सर्वांत जुने कारागीर. वय सत्तरीच्या घरात. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडी ते कधी बसलं नाही. भोसरीत ज्यांच्या हाताखाली मी डायल लावायला शिकलो, त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. हे त्याच जातीचे. फिक्स्चर इंचाच्या दोन हजारांशाने हललं तरी आवाजावरून ओळखणारे. असा माणूस मापं घ्यायला माझ्याकडे येतो, याचा मला आनंदच झाला. फार न विचारता मी फडकं सोडलं.

आत पोलादाचा एक ठोकळा होता. मुठीपेक्षा थोडा मोठा, हार्डनिंग करून काळसर झालेला. मधून उभी आरपार चौकोनी खाच, पुढे आटे पाडलेलं भोक, मागे निमुळता होत गेलेला भाग. मला वाटलं, जुन्या कुठल्या तरी हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी असेल. पण मशीनवर बांधताना हात थांबला तो कामाच्या देखणेपणामुळे. त्या चौकोनी खाचेचे चारही आतले कोपरे कानशीने काढलेले होते. मिलिंगच्या कटरने असा कोपरा मिळत नाही; कटर गोल असतो, तो कोपऱ्यात गोलाई सोडतोच. ती गोलाई हाताने, निळा रंग लावून, बघत बघत, पुन्हा घासत काढलेली होती. किती संध्याकाळी गेल्या असतील, याचा मी मनाशी अंदाज करत होतो.

प्रोबच्या टोकाला माणकाचा बारीक गोळा असतो. तो भोकात फिरवला, अक्ष घेतला. मग खाचेत उतरवून मागच्या फेसवर बिंदू घेतले. आकडे उत्तम आले. मी दिवा तिरका करून शेवटचा बिंदू कुठे घ्यावा ते बघत होतो, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली.

आधी वाटलं, कानशीचा ओरखडा. भिंग लावलं. ओरखडा हत्याराच्या वाटेने सरळ जातो. ही रेघ कोपऱ्यातून निघून बाजूच्या भिंतीवर वाकडीतिकडी चढली होती, हत्याराच्या खुणा ओलांडून. तपासनीस म्हणून मला ती चाल ओळखीची आहे. हार्डनिंगच्या वेळी लालबुंद पोलाद तेलात जातं, बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागून फुगतो, आणि टोकदार आतला कोपरा असेल तर सगळा ताण तिथेच गोळा होतो. तिथून तडा जातो.

"मास्तर," मी विचारलं, "हा व्हॉल्व्ह किती दाबाला चालणार आहे?"

ते हसले. "व्हॉल्व्ह नाही रे. सिंगल-शॉट रायफलचा रिसीव्हर आहे, बाकी सगळं ज्यात बसतं ती बॉडी. ब्राउनिंगने १८७९ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या धाटणीचा. विंचेस्टरने तो पुढे १८८५ चं मॉडेल म्हणून विकला. मी घरच्या ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनवर केलाय. दोन हिवाळे लागले."

माझा एक हात अजून जॉबवर होता. तो मी उचलला आणि टेबलापासून मागे सरकलो. मास्तरांना कळेना काय झालं.

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ पासूनचा तो कारखाना. गेटवर रोज झडती, काडेपेटीसुद्धा आत न्यायची नाही. त्यांची एक शिस्त घरातही होती: कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी विचारायचं, हे काय आहे. दिवाळीच्या फटाक्यांपासून रस्त्यात सापडलेल्या बॅटरीपर्यंत. त्या शनिवारी मी विचारलं नव्हतं. जॉब सुंदर होता, आणणारा माणूस मोठा होता, म्हणून.

अमेरिकेत बंदुकीची नळी टपालाने मागवता येते, दस्ता येतो, घोड्याचे सुटे भाग येतात. १९६८ च्या कायद्याने ठरवलं की या सगळ्यात बंदूक म्हणायचं ते एकाच भागाला: फ्रेम किंवा रिसीव्हर. म्हणजे त्या ग्रॅनाइटवर कायद्याच्या दृष्टीने रायफलचा सुटा भाग नव्हता, आख्खी रायफल होती. आणि मी एच-वन-बी व्हिसावर होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या कलम ९२२ मध्ये ज्यांनी बंदूक बाळगायची नाही अशांची यादी आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेले परदेशी लोक त्या यादीत आहेत. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे. माझ्याकडे तो नव्हता. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. मी काही बंदूक बाळगायला निघालो नव्हतो, हे खरं. पण "बाळगणं" या शब्दाची हद्द कुठून सुरू होते, याचा निकाल माझ्या नावावर लागावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. मुलगी तिसरीत होती.

मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं. ते जन्माने इथले. आपल्या वापरासाठी, विकायची नाही या अटीवर, घरी रायफल करणं हा त्यांच्या राज्यात सरळ साधा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हेच केलं तर आता किमान सात वर्षं. "मी तुला अडचणीत आणलं," एवढंच ते म्हणाले, आणि जॉब स्वतः उचलून फडक्यात गुंडाळला.

तेवढ्यात मालक आले. मी जे झालं ते सगळं सांगितलं. लपवण्यासारखं मला त्यात काही दिसत नव्हतं. ते आधी गप्प राहिले, मग ऑफिसातून एक कागद घेऊन आले. बंदुकांचं नियमन करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याचा जानेवारी २०१५ चा आदेश. गिऱ्हाइकाने स्वतःचा कच्चा ठोकळा आणला आणि शॉपच्या मशीनवर त्याची बंदूक केली, तर उत्पादक शॉपच ठरतं आणि त्याला उत्पादनाचा परवाना लागतो. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनचं बटण गिऱ्हाइकाने स्वतः दाबलं तरी पळवाट नाही. "आज नुसतं माप आहे," मालक म्हणाले, "उद्या तुम्हाला वाटेल, इथल्या ग्राइंडरवर दोन हजारांश काढून घेऊ. हा जॉब या दारातून पुन्हा आत येणार नाही." मास्तरांनी मान डोलावली. आवाज कोणाचाच चढला नाही.

पण माझं काम संपलं नव्हतं. मला तडा दिसला होता.

या धाटणीच्या रायफलीत काडतूस फुटतं तेव्हा त्याचा मागचा धक्का एका सरकत्या ठोकळ्यावर येतो, आणि तो ठोकळा टेकलेला असतो त्याच मागच्या भिंतीवर जिच्या कोपऱ्यात मी रेघ बघितली होती. तिच्या मागे सहा इंचांवर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. कायदा सांगत होता की या वस्तूपासून लांब राहा. पण जे दिसलं ते न सांगता मी लांब राहिलो असतो, तर तपासनीस म्हणून केलेल्या माझ्या सगळ्या सह्या खोट्या झाल्या असत्या. माझं मत आजही तेच आहे.

मास्तर गाडीकडे निघाले तेव्हा मी जॅकेट न घालताच मागे गेलो. जॉब त्यांनी मागच्या सीटवर ठेवला होता, मी दाराबाहेर उभा होतो. "मागचा डावा कोपरा," मी म्हणालो. "ओरखडा नाही तो. वाकडा जातोय."

"मी भिंगाने बघितलंय सगळं."

"घरी तडा दाखवणारा लाल डाय लावून बघा. मी हात लावणार नाही, पण तुम्ही बघितल्याशिवाय नळी बसवू नका. एवढं कबूल करा."

ते बराच वेळ बर्फाकडे बघत राहिले. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांचे जॉब नापास केलेत, त्याला आपलाच जॉब नापास झाल्याचं ऐकावं लागत होतं. "बघतो," म्हणाले आणि गेले.

घरी जाताना मी मुद्दाम नदीपलीकडे, व्हरमाँटमधल्या विंडसरच्या रस्त्याने गेलो. तिथे रॉबिन्स अँड लॉरेन्सचा १८४६ सालचा विटांचा कारखाना आहे. आता त्यात यंत्रांचं संग्रहालय आहे. या मंडळींनी एकाच्या जागी दुसरा बसेल असे भाग असलेल्या रायफली १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. इंग्रज इतके चकित झाले की एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी त्यांनी इथून यंत्रं नेली. एन्फिल्ड हे नाव आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे शाळेपासून पाठ असतं. माझी सगळी विद्या, लिमिट, गेज, टॉलरन्स, "कुठलाही पीस उचला, बसला पाहिजे" हा हट्ट, पुष्कळसा बंदुकांच्या याच कारखान्यांत पक्का झाला. त्या इमारतीसमोर गाडीत बसून मला हे पहिल्यांदा नीट उमगलं. मी ज्याच्यापासून हात झटकून मागे सरकलो होतो, ते माझ्या धंद्याचं आजोळ होतं.

रविवारी दुपारी फोनवर एक फोटो आला. डाय वर खेचणाऱ्या पांढऱ्या डेव्हलपर पावडरीवर लालभडक रेघ, कोपऱ्यातून निघून भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढलेली. खाली एक शब्दही नव्हता.

घरी केलेल्या बंदुकांबद्दल अमेरिकेत तेव्हा मोठा वाद पेटलेला होता आणि आजही आहे. जवळजवळ पूर्ण झालेले भाग पेटीत घालून विकणाऱ्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून बंदूक विकणाऱ्यांचेच नियम लागू झाले: नंबर घाला, गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ मार्च २०२५ ला सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला. त्या निकालपत्रात एक दाखला आहे: पूर्वी कधी न पाहिलेल्या किटपासून एका माणसाने २१ मिनिटांत पिस्तूल जुळवलं. मला तो नियम योग्य वाटतो. ज्याला नंबर नाही, जे कोणी कोणाला दिलं ते कळत नाही, असं हत्यार टपालाने मिळू नये. पण २१ मिनिटं आणि दोन हिवाळे यांना "घरगुती" हा एकच शब्द लावला जातो तेव्हा मला मास्तरांचे ते कानशीने काढलेले चार कोपरे आठवतात आणि वाईट वाटतं. पेटीतून पिस्तूल जुळवणाऱ्याला पोलाद कसं वागतं हे कळायची गरजच नसते. मास्तरांना ते कळत होतं, तरीही चूक झाली. आणि ती चूक मान्य करायला त्यांना एक रात्र पुरली.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी सकाळी टूलरूममध्ये त्यांच्या बेंचवर कॉफीचा एक जुना डबा होता. मालक शेजारी उभे होते. आधी त्यांची परवानगी घेऊन मगच मास्तरांनी तो आत आणला होता. डब्यात टॉर्चने कापलेले, वितळून ओघळलेले तुकडे. नुसतं करवतीने दोन भाग केले की रिसीव्हर नष्ट झाला असं एटीएफ मानत नाही. ज्वाळेने कापावं, प्रत्येक कापात किमान पाव इंच धातू जळून जावा, असं त्यांचं मार्गदर्शन आहे. मास्तरांनी तसंच केलं होतं, ठरल्यापेक्षा जास्त ठिकाणी. एकच तुकडा वितळलेला नव्हता, अंगठ्याएवढा. त्यांनी तो वेगळा ठेवला होता. व्हाइसमध्ये धरून, हातोडा मारून, तड्याच्या जागीच तो उघडला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भंगार," मास्तर म्हणाले. "आता धरलास तरी चालेल."

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी तुकडा उचलला. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. आतला भाग राखाडी, चमकणाऱ्या बारीक कणांचा: हातोड्याने परवा तुटलेला. कोपऱ्याकडचा भाग काळा, निळसर झाक असलेला. ती काळी माखण टेम्परिंगच्या, म्हणजे हार्डनिंगनंतर पोलाद पुन्हा तापवायच्या, भट्टीतली. म्हणजे भट्टीत जायच्या आधीच, तेलात पडतानाच, तडा गेलेला होता. त्यानंतर दोन महिने मास्तर त्याच्यावर हाताने पॉलिश करत होते.

"किती खोल आहे, सांगशील?"

मी तुकडा मेणावर बसवून मशीनखाली ठेवला, माणकाचं टोक कडेला टेकवलं, मग काळा रंग संपतो त्या रेषेवर. ४.१ मिलिमीटर. मास्तरांनी खिशातून चौकोनी कागदाची वही काढली. सगळी ड्रॉइंग त्याच वहीत होती. कोपऱ्याच्या चित्राशेजारी त्यांनी आकडा इंचात करून पेन्सिलने लिहिला, खाली तारीख घातली, आणि पुढच्या पानावर नवा कोपरा काढायला घेतला. या वेळी गोल.